तीळ काढणारे ढीगभर, बघणारं कोण?

लातुरात तीळ काढून देणारे पैशाला पासरी मिळतात. पार्लरवाली काढते, लेझरवाला काढतो, आमच्या माहेरच्या गल्लीतली एक मावशी चुना आणि पापडखार लावून काढते आणि त्यात तिचा हातखंडा आहे म्हणे. कोणी घोड्याच्या शेपटीचा केस बांधतं, कोणी बिब्बा लावतं, आणि मग तिळाच्या जागी भाजल्याचा डाग घेऊन फिरतं. पण "मला काढायचा नाहीये ओ, तो नीट बघा आणि चांगला आहे का वाईट एवढं सांगा" असं म्हणलं की समोरचं माणूस गोंधळतंच. माझं तरी असंच झालं. आमच्या ऑफिसातल्या दोघी-तिघींनी विचारलं की नेमकं काय काय करतात, दुखतं का, कपडे काढायला लावतात का, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

माझा तीळ तोंडावर नव्हता, तळपायाला होता. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला. येळवसीला (वेळ अमावास्येला) रानात अनवाणी फिरून आलं की पायाची पार वाट लागते, भेगांमधे काळी माती बसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत बसून वजरीनं टाचा घासत असते. तेव्हा हा डाग नजरेत भरला. मातीच असेल म्हणून घासलं, निघेना. तिथं लहानपणापासून एक बारीक ठिपका होता हे माहीत होतं, माझी आई म्हणायची की पायाला तीळ आहे म्हणजे पोरगी परदेशात जाणार. पण तो ठिपका आणि आताचं हे, यात फरक होता. मधे गडद, कडेला कॉफीच्या रंगाचं पसरलेलं आणि बोटांकडच्या बाजूला जरा जास्तच ओढल्यासारखं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, काहीच नव्हतं.

घरी दाखवलं तर आमचे हे म्हणाले कुरूप असेल. कुरूप कडक असतं, दाबलं की कळ येते, हे तर हाताला लागतसुद्धा नव्हतं. आत्याबाईंनी (माझ्या सासूबाई) चष्मा लावून पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "पायाला तीळ म्हणजे पायाला भिंगरी असती, आन् तू तर बँकेत एका खुर्चीवर बसून राहायलीस माय." झालं, विषय संपला.

माझा संपला नाही. रात्री मोबाईलवर बघत बसले. तिथं सगळे फोटो गोऱ्या लोकांच्या पाठीचे, खांद्याचे, आणि सगळीकडं तेच की उन्हात झोपू नका, सनस्क्रीन लावा. आता मराठवाड्यात उन्हात मुद्दाम कोण झोपतंय? एप्रिल-मेमधे आम्ही डोक्यापासून पायापर्यंत स्कार्फ, सॉक्स, हातमोजे घालून स्कूटी चालवतो. पण तिथं तो एबीसीडीई नियम मिळाला, तो मात्र कामाचा वाटला. ए म्हणजे तिळाचे दोन अर्धे एकमेकांसारखे नसणं, बी म्हणजे कड वेडीवाकडी असणं, सी म्हणजे एकाच तिळात दोन-तीन रंग असणं, डी म्हणजे रुंदी ६ मिलिमीटरच्या वर असणं, आणि ई म्हणजे तो बदलत जाणं. पहिली चार अक्षरं न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली काढली, ई नंतर २००४ मधे जोडलं. मी पोराच्या कंपासमधली पट्टी आणली आणि पाय उलटा करून मोजायला बसले, स्वतःचा तळपाय स्वतः मोजणं हे योगासनाच्या वरचं काम आहे, पण आठच्या आसपास भरलं.

मग गेले आधी एका चकचकीत क्लिनिकमधे, नाव नको. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, "काढायचाय ना मॅडम? एक आहे का जास्त आहेत? तीनवर ऑफर आहे." मी म्हणलं दाखवायचाय. तर ती म्हणते हो दाखवूनच काढतात. आतल्या डॉक्टरांनी खुर्चीतूनच, मी चप्पल काढून पाय वर करेपर्यंत, एक नजर टाकली आणि म्हणाले साधा तीळ आहे, आजच रेडिओ मशीननं जाळून टाकू, पाच मिनिटांचं काम, पुन्हा डोक्याला ताप नको. मी विचारलं की मग ते तपासायला पाठवतात ना? तर म्हणाले अहो जाळल्यावर काय पाठवणार, आणि आपल्याकडं इंडियन स्किनला कॅन्सर-बिन्सर होत नाही, नेट बघून येऊ नका. तेवढ्यात त्यांना फोन आला आणि मी बाहेर बसले.

बाहेर बसल्या बसल्या भाच्याला फोन लावला. तो डीएमएलटी झालाय, नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमधे आहे. दिवसभर लोकांचे तुकडे-तुकडेच बघतो म्हणून आम्ही त्याला चिडवतो. तो म्हणाला, "मामी, उठ तिथून. अंगावरचं काहीही काढलं तर तो तुकडा लॅबला गेलाच पाहिजे. जाळलं तर तपासायला उरतंय काय? चांगलं होतं का वाईट होतं हे मग ब्रह्मदेवालासुद्धा सांगता येणार नाही. आणि वाईट असलं तर वरचं जळतं, खालचं तसंच राहतं, वर चामडी येते आणि मग आत काय चाललंय ते दिसत पण नाही." मी उठले. रिसेप्शनवरची मुलगी मागून ऑफरचं कार्ड घेऊन आली, ते अजून माझ्या पर्समधे आहे.

भाच्यानं अजून एक सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा, फोनवरच विचारायचं की तुमच्याकडं डर्मोस्कोप (तीळ मोठा करून बघायचं यंत्र) आहे का. पाटीवर 'स्किन' लिहिलंय म्हणजे स्किनचा डॉक्टर असं नसतं, नावापुढं एमडी स्किन किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल असलं काहीतरी असलं पाहिजे (डीव्हीडी ही खरंच डिग्री आहे, मला पण हसू आलं होतं). मी तीन-चार ठिकाणी फोन फिरवले. एका ठिकाणी कंपाउंडर म्हणाला आमच्याकडं सगळं आहे, दुर्बीण पण आहे, या. एका ठिकाणी खुद्द मॅडमनीच फोन घेतला आणि विचारलं कुठं आहे तीळ. तळपायाला म्हणल्यावर म्हणाल्या, "या. येताना नेलपॉलिश काढून या, मेंदी असेल तर ती उतरल्यावर या, आणि त्या जागेचा जुना फोटो असला तर आणा."

जुना फोटो! माझ्या फोनमधे पोराचे, पोळ्याच्या बैलांचे, प्रत्येक महालक्ष्म्यांच्या आरासीचे हजारो फोटो आहेत, स्वतःच्या तळपायाचा एक नाही. कोणाच्या असणार म्हणा.

मॅडमच्या दवाखान्यातली गर्दी बघून मला वाटलं आज काही नंबर लागत नाही. निम्मी खोली ट्यूशनच्या पोरापोरींनी भरलेली, मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करणारी, तोंडावर पिंपल्स आणि मांडीवर बायोलॉजीचं पुस्तक. उरलेले नायट्याचे पेशंट. मेडिकलवरून कोणाला न विचारता स्टेरॉइडवाली ट्यूब आणून लावायची, चार दिवस बरं वाटतं, मग तो नायटा दुप्पट पसरतो, हे मॅडमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि त्याच्याच खाली बसून एकजण खिशातली ट्यूब काढून कोपराला लावत होता. आत्याबाई माझ्यासोबत आल्या होत्या. त्यांना वाटत होतं पायाला चिरा देणार आहेत.

आत गेल्यावर मला वाटलं पाय दाखवायचा आणि निघायचं. तर मॅडम म्हणाल्या एक तीळ बघायला आलात तर सगळेच बघू, आणि नर्सला आत बोलावलं, दार लावलं, पडदा ओढला. तपासणी होईपर्यंत नर्स तिथंच होती, हे मुद्दाम सांगते कारण बायका यालाच जास्त घाबरतात. एकदम सगळे कपडे काढायला लावत नाहीत. एकेक भाग उघडायचा, बघून झाला की झाकायचा. केसांचे भांग पाडत पाडत डोकं बघितलं, कानाच्या मागं, मानेवर मंगळसूत्र बाजूला करून, पाठ, छातीखाली जिथं घाम साठतो तिथं. तोंड उघडायला लावलं आणि विचारलं मिश्री लावता का, तंबाखू? मी नाही म्हणलं, आत्याबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. कमरेला परकराच्या नाडीचा जो काळा पट्टा पडतो ना सगळ्या बायकांना, तो त्यांनी बोट फिरवून बघितला. मी विचारलं ह्याचं काय? तर म्हणाल्या वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट नाडी, घाम, घासणं, त्यातून क्वचित तिथं जखम होते आणि ती भरतच नाही, त्याला डॉक्टर लोक साडी कॅन्सर, धोतर नेसणाऱ्यांना झाला तर धोती कॅन्सर म्हणतात. नाडी थोडी सैल बांधा, रुंद पट्टीची वापरा, जागा बदलत जा. काश्मिरात लोक थंडीसाठी अंगाशी कांगडी (निखाऱ्यांची शेगडी) घेऊन बसतात तर तिथल्या लोकांना पोटावर, मांडीवर होतो, हे पण त्यांनीच सांगितलं. म्हणजे बघा, सनस्क्रीनचा इथं संबंधच नाही.

मग नखं. हातापायाची वीसच्या वीस, जोडवी सरकवून बोटांच्या बेचक्या पण. माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर फिकट तपकिरी उभ्या रेघा आहेत, मला तर त्या कधी दिसल्याच नव्हत्या. म्हणलं आता हे काय नवीन. तर म्हणाल्या सावळ्या लोकांत बऱ्याच नखांवर अशा रेघा असतात आणि त्या निरुपद्रवी असतात. लक्ष कुठं द्यायचं तर एकाच नखावर नवीन रेघ आली, ती रुंद व्हायला लागली, किंवा रंग नखाच्या बाहेर मागच्या चामडीवर उतरला, तर. बॉब मार्ले म्हणून तो गाणारा होता ना, त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच कॅन्सर होता, १९७७ मधे निदान झालं, आधी सगळ्यांना वाटलं फुटबॉल खेळताना लागलंय. १९८१ मधे गेला तो, छत्तीस वर्षांचा. बाहेर बसलेल्या सगळ्या पोरांच्या टीशर्टवर त्याचा फोटो असतो आणि हे कोणाला माहीत नसतं, असं मॅडम म्हणाल्या.

शेवटी पाय. डर्मोस्कोप म्हणजे टॉर्चएवढं यंत्र, पुढं काच, आत लाइट, दहापट मोठं दिसतं. सोनोग्राफीला लावतात तसलं थंडगार जेल टाचेवर लावलं आणि काच टेकवली. बराच वेळ एक शब्द नाही. मग यंत्राला मोबाईल जोडून फोटो काढला आणि तो मला दाखवला, आणि इथं मला पहिल्यांदा कळालं की तीळ बघणं म्हणजे काय असतं. आपल्या तळपायाला बोटांच्या ठशासारख्या रेघा असतात, त्या फोटोत अगदी सरी-वरंब्यासारख्या दिसतात, ऊस लावायच्या आधीचं रान असतं तशा. मॅडम पण तसंच म्हणाल्या, शेतकऱ्यांना समजावून समजावून त्यांना सवय झालीय. वरंब्यावर ओळीनं पांढरे बारीक ठिपके दिसतात, ती घामाची छिद्रं. त्यावरून वरंबा कुठला आणि सरी कुठली हे ओळखायचं. तिळाचा रंग सरीत उतरलेला असला तर बहुतेक करून साधा तीळ. रंग वरंब्यावर चढलेला असला तर धोक्याची घंटा, मग तो तीळ केवढाही बारीक असो, तुकडा काढून तपासायचाच. हे सगळं मुख्यतः जपानच्या डॉक्टरांनी बसवलं, कारण त्यांच्याकडं पण हा तळहात-तळपायाचाच प्रकार जास्त.

"आणि माझा?" म्हणलं.

माझा ना सरीत ना वरंब्यावर. एका कडेला रंग सरीत नीट दिसत होता पण उरलेल्या भागात तिरक्या बारीक रेघा, एकमेकीत मिसळलेल्या. टाचेवर सतत वजन पडतं तिथं चामडीचे थर तिरके सरकतात, म्हणून चांगल्या तिळाचा रंग पण असा तिरका दिसू शकतो, असं त्या म्हणाल्या. पण 'शकतो' वर थांबायचं नाही. नियम असा की वरंब्यावर रंग नाही पण चांगल्या तिळाची खूण पण स्पष्ट नाही, अशा वेळी ७ मिलिमीटरच्या आत असेल तर फोटो काढून काही महिन्यांनी परत बघायचं, वर असेल तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. माझा आठ. पट्टीनं मी बरोबर मोजलं होतं याचा त्या परिस्थितीतही मला जरा अभिमान वाटला.

मी विचारलंच की मग ते 'इंडियन स्किनला होत नाही' हे खोटं आहे का? त्या म्हणाल्या खोटं नाही, अर्धं आहे. मेलॅनोमा, म्हणजे चामडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, आपल्याकडं खरंच दुर्मिळ आहे, लाख लोकांत वर्षाला एकसुद्धा नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यात तळपाय, तळहात, नखाखाली होण्याचं प्रमाण मोठं, आणि त्याचा उन्हाशी संबंध नाही, "तळपायाला कधी ऊन लागतं का ताई?" आणि होत नाही होत नाही म्हणूनच लोक कुरूप समजून ब्लेडनं तासतात, चामखीळ समजून जाळतात, आणि गाठ जांघेत आली की मग येतात. त्यांच्याकडं मेलॅनोमापेक्षा दुसरे प्रकार जास्त येतात. म्हाताऱ्या माणसांच्या नाकापाशी, डोळ्यापाशी चमकदार काळपट मस, पदरानं पुसलं की रक्त, परत खपली, परत रक्त, त्याला लोक वर्षानुवर्षं मसच म्हणत राहतात. नाहीतर चुलीवर, स्टोव्हवर भाजलेल्या जुन्या डागात वीस-वीस वर्षांनी जखम होते आणि भरत नाही. महिना-दीड महिना झाला तरी भरत नाही अशी कुठलीही जखम दाखवाच, एवढं त्यांनी आत्याबाईंकडं बघून सांगितलं, कारण आत्याबाईंच्या हातावर गुऱ्हाळात भाजल्याचा मोठा डाग आहे. तो पण त्यांनी बघून घेतला, ठीक होता.

बायोप्सीला दुसऱ्या दिवशी बोलावलं. शुगर तपासली, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं, सही घेतली. आता दुखतं का, तर खरं सांगते, कापताना काहीच नाही पण तळपायाला भुलीचं इंजेक्शन म्हणजे माय माय माय. तिथली चामडी जाड, औषध आत शिरायला जागा नाही, ते हळूहळू ढकलतात तरी डोळ्यापुढं काजवे. मी नर्सचा हात असा धरला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळहाताला उमटला. आणि मग एकदम शांत. टाच दुसऱ्याचीच असल्यासारखी. मॅडमनी पेननं तिळाभोवती होडीसारखी रेघ काढली, बाजूनं दोन मिलिमीटर चांगली चामडी सोबत घेऊन पूर्ण तीळ काढला, वरून खरवडायचा नाही किंवा अर्धा घ्यायचा नाही कारण मग लॅबवाल्यांना खोली मोजता येत नाही. खोली का, तर मेलॅनोमा निघालाच तर सगळं त्यावर असतं. किती मिलिमीटर आत गेलाय ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात, ब्रेस्लो म्हणतात त्याला. १ मिलिमीटरच्या आत असला तर बहुतेकदा परत थोडं रुंद कापून भागतं, जितका खोल तितकं अवघड. चुना लावून किंवा मशीननं जाळून जे जातं ते हेच जातं, मोजायला काही उरत नाही.

तुकडा मी बघायला मागितला. फॉर्मॅलिनच्या बारक्या बाटलीत, होडीच्या आकाराचा, वर तपकिरी ठिपका. बाटलीवर माझं नाव, वय, 'लेफ्ट हील' लिहून ते त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि बरोबर आहे ना विचारलं. हे मला आवडलं.

टाके काळ्या दोऱ्याचे. चेहऱ्याचे टाके आठवड्यात निघतात, पायाचे दोन आठवडे ठेवतात, वजन पडतं ना. तेवढे दिवस टाच टेकवायची नाही, ओलं करायचं नाही. बँकेत मला काही अडचण नव्हती, खुर्चीखाली दुसरं स्टूल ठेवलं, पण घरात आत्याबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. रोज धपाटे. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "पायाचा तीळ काढून फेकला, आता कशाची परदेशवारी." शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो, सुई लागली की खवळतो. हे मी मॅडमना फोन करून विचारलं पण, त्या म्हणाल्या तुकडा काढल्यानं पसरत नाही, तुकडा न काढता बसून राहिल्यानं पसरतो. काकूंना सांगितलं, त्यांना पटलं नाही.

रिपोर्टची वाट बघणं मात्र वाईट. दिवसा काही नाही, रात्री पोरगं झोपलं की टाचेत ठणका लागायचा आणि त्या ठणक्यासोबत सगळं. एलआयसीची पॉलिसी कुठं ठेवलीय इथपर्यंत विचार जातात. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले तुझं आपलं काहीतरीच, आणि कूस बदलून स्वतःच पहाटेपर्यंत जागे.

रिपोर्ट आला तो आधी भाच्याला व्हॉट्सॲप केला, मग मॅडमना दाखवला. इंग्रजीत लांबलचक. मतलब एवढाच की साधा तीळ आहे, मेलॅनोसायटिक नेव्हस, पेशी नीट ओळीत आहेत, विचित्र काही नाही, कडा मोकळ्या म्हणजे पूर्ण निघालाय. मॅडमनी तरी बसवून सांगितलं की ह्या तिळाचा विषय संपला पण तपासणी संपली नाही. महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, उजेडात, स्वतःचे तळहात-तळपाय-नखं आणि आरशात पाठ बघायची. चाळिशीनंतर अंगावर नवीन तीळ उगवला तर तो दाखवायचा, कारण साधे तीळ बहुतेक त्याआधीच येऊन गेलेले असतात. एबीसीडीई तळपायाला नीट लागू पडत नाही म्हणाल्या, तिथं एकच अक्षर धरून ठेवा, ई, बदल. आणि सगळे काळेच असतात असं नाही, एखादा लालसर, बिनरंगाचा, उगाच रक्त येणारा पण असू शकतो. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. तेव्हापासून माझ्या फोनमधे महालक्ष्म्यांच्या फोटोंमधे मधूनच एक तळपाय येतो, पट्टीसकट.

खर्चाचं विचारतात सगळे. तपासायची फी आपल्या नेहमीच्या स्किनच्या डॉक्टरची असते तेवढीच, डर्मोस्कोपचे थोडे वेगळे, बायोप्सी आणि लॅब धरून काही हजारात गेलं. सरकारीत जायचं तर लातूर, अंबाजोगाई, नांदेड आणि संभाजीनगरची घाटी, चारही ठिकाणी मेडिकल कॉलेज आहे आणि त्वचारोगाची ओपीडी असते, सकाळी लवकर गेलेलं बरं. तिथं पण वाक्य हेच वापरा की तीळ काढायचा नाहीये, बघायचाय, बदललाय. 'बदललाय' म्हणल्यावर डॉक्टर मान वर करून बघतात.

आमच्या ह्यांना अजून पाय दाखव म्हणलं की ते सॉक्स वर ओढतात. आत्याबाई मात्र टाके काढायला सोबत आल्या तेव्हा माझं व्हायच्या आधीच खुर्चीवर जाऊन बसल्या आणि मानेवरच्या चामखिळी पुढं केल्या, "ह्या बघा ओ बाई, आन् बघून झालं की काढून टाका, पोत अडकती ह्यात." मॅडमनी जेल लावून एकेक चामखीळ काचेखाली नीट बघितली, मग म्हणाल्या ह्या काढायला काही हरकत नाही आजी. हरकत नाही म्हणल्याबरोबर आत्याबाईंनी भाव करायला सुरुवात केली आणि मी पर्समधलं ते ऑफरचं कार्ड त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून पर्स मांडीखाली घातली.